आधी वसतिगृह, मग दंडाची भाषा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



मी जिल्हा परिषदेची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. माझी सगळी नोकरी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या पाड्यांवर झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते, तेव्हा आमच्याकडच्या कातकरीवाड्यांतली शाळा कशी दिसते, हे मी दरवर्षी पाहिले आहे. हजेरीपटावर नावे तेवढीच असतात आणि समोर बसलेली मुले मात्र मोजकी. बाकीची आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली असतात. परतायची ती पावसाच्या तोंडावर, शाळेचे वर्ष संपल्यावर.

या प्रश्नावर जेव्हा जेव्हा बैठक होते, तेव्हा कुणीतरी हमखास एक उपाय सुचवते: भर सत्रात पोरांना घेऊन जाणाऱ्या पालकांना दंड करा; एक वर्ष वसूल केला की पुढच्या वर्षी कुणाची हिंमत होणार नाही. अलीकडे या सूचनेला परदेशातला दाखलाही जोडला जातो. सुचवणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण ही सूचना कधी आपल्या टेबलावर आली, तर तिच्यासोबत या दोन तालुक्यांतली वस्तुस्थितीही असावी, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

आधी त्या परदेशी दाखल्याविषयी. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना परवानगीशिवाय मुलांना सहलीला नेणाऱ्या पालकांना दंड होतो, हे खरे आहे. ऑगस्ट २०२४ पासून तो प्रत्येक मुलामागे, प्रत्येक पालकाला ८० पौंड आहे. २१ दिवसांत भरला नाही तर १६० पौंड. तिथल्या एका वडिलांनी मुलीला अमेरिकेतल्या डिस्ने वर्ल्डला नेले आणि दंड भरायला नकार दिला. तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१७ साली निकाल त्या वडिलांच्या विरोधात लागला. तिथे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही गावाकडच्या लग्नासाठी मुलांना आणायचे तर शाळेच्या तारखा बघाव्या लागतात. हा कायदा चांगला की वाईट, ते तिथल्या लोकांनी ठरवावे. पण ज्याच्यावर तो दंड बसतो, त्याच्या हातात एक गोष्ट असते: सहल पुढे ढकलणे. शाळा बुडते ती त्याच्या मर्जीने. आमच्या पाड्यावरच्या माणसाच्या हातात यातले काय आहे, तेवढेच मला सांगायचे आहे.

शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसा तलाव इथलाच आणि भातसा धरणही इथलेच. तरी याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. मुरबाडच्या डोंगराकडेच्या वाड्यांची गोष्ट वेगळी नाही. शेतीला पाणी नाही, म्हणून भात हे एकच पीक. ते निघाले की गावात काम नाही. कातकऱ्यांमध्ये तर बहुतेकांच्या नावावर तेवढीही जमीन नाही. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून ज्या तीन जमाती नोंदल्या आहेत, त्यांतली ही एक. या माणसाला पावसाळ्यात, आजारपणात, लग्नकार्यात पैसा लागतो, तेव्हा तो भट्टीमालकाकडून बयाणा घेतो. घेतला की दिवाळीनंतर कामावर जाणे आलेच. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल, जिथे शेठ सांगेल तिथे. मजूर मोजले जातात जोडीवर, म्हणजे नवरा आणि बायको मिळून. दोघेही गेली की घरी उरते कोण? म्हणून पोरेही ट्रकमध्ये चढतात. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते, खाण्यापुरती. खरा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो आणि पुष्कळदा त्यात अंगावरचे फिटतच नाही. उरलेले पुढच्या वर्षाच्या बयाण्यात मिसळते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे. तो कागदावर आहे. कर्जाची ही वही भट्टीवर आहे.

आता या माणसाला आपण दंड केला, असे समजा. तो कुठून भरेल? रोख पैसा त्याच्याकडे नाही. तो शेठकडे जाईल. शेठ हसत भरेल आणि त्याच्या नावावर लिहून ठेवील. पावती शिक्षण विभागाची, कर्ज मात्र भट्टीच्या वहीतले. मुलाला भट्टीवरून शाळेत आणायला काढलेला दंड त्याच्या बापाला भट्टीशी आणखी घट्ट बांधील. ज्यांना हे टाळायचे आहे, ते त्याहून सोपा मार्ग काढतील: मुलाचे नावच शाळेत घालणार नाहीत. पटावर नाव नाही, तर गैरहजेरी नाही आणि दंडही नाही.

आणि दंड वसूल करायला पाड्यावर जाणार कोण? शिक्षकच. जूनमध्ये घरोघर फिरून, आईबापांशी गोड बोलून आम्ही ही मुले पुन्हा शाळेत आणतो. ती येतात कारण बाई किंवा गुरुजी आपले माणूस आहे, हा विश्वास असतो. पावतीपुस्तक घेऊन गेलेल्या शिक्षकाला त्या अंगणात पुन्हा कुणी बसायला सांगणार नाही.

चौथीतल्या एका मुलीबद्दल सांगते. वाचनात वर्गात सर्वांत पुढे. दिवाळीआधी मी तिच्या वडिलांना म्हटले, हिला या वर्षी ठेवा इथेच. ते म्हणाले, "बाय, ठेवतो की. पन ठेवू कोनाजवळ? रातच्याला ती निजंल कुठं? तुम्ही सांगाल तिथं ठेवतो." आईबाप भट्टीवर गेले तरी मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाला त्या वर्षी आमच्या केंद्रात मंजुरी आली नव्हती. माझ्याकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हते आणि ते उत्तर उभे करणे ही माझ्या आवाक्याबाहेरची, सरकारच्या अखत्यारीतली गोष्ट होती. मुलगी गेली. पालकांची इच्छा नाही, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून पाहावा: ठेवू कुणाजवळ?

कायदा याबाबत गोंधळलेला नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्यासाठी पालकांना शिक्षा ठेवलेली नाही. आठव्या कलमाने सक्तीचा भार शासनावर टाकला आहे: प्रवेश, उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे, तिन्हींची खात्री शासनाने करायची. नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांत स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे, हे वेगळे नोंदवले आहे. बालमजुरीविरोधी कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तेव्हाही पहिल्या गुन्ह्यासाठी आईबापांना शिक्षेतून वगळले आणि मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. म्हणजे जबाबदारी कुणाची, हे संसदेने दोनदा सांगितले आहे.

तरीही दंडाचे समर्थन करताना राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतले जाते. महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड ठेवला, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण त्याआधीची सोळा वर्षे आपण विसरतो. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. गावाकडच्या पोराने शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय, याचे उत्तर महाराजांनी आधी उभे केले आणि मग पालकांना जाब विचारला. ज्या राज्याने वसतिगृह दिले, त्याला दंडाची भाषा बोलण्याचा अधिकार होता. आपण त्यांचा रुपया तेवढा उचलायचा आणि बोर्डिंग विसरायचे, हा महाराजांवर अन्याय आहे. आपल्याच राज्यात नव्वदच्या दशकापासून गरीब घरांतल्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता देण्याची योजना आहे. हजेरीची किंमत आपण रुपयात करणार असू, तर गैरहजेरीची किंमत मजुराकडून कोणत्या तोंडाने मागणार?

मुलांपर्यंत शाळा कशी न्यायची, हे शिकायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. पालघर वेगळा होण्याआधीच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच ते होऊन गेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम केले. गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर त्यांनी शाळाच चरणीच्या रानात नेली. तिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. नव्वदच्या दशकात याच जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर, मजुरांच्या भोंग्यांजवळच शाळा भरवल्या. त्या भोंगाशाळा. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी, वाकून आत शिरावे लागते अशी. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. यांपैकी कुणीही पालकाला दंडाची पावती दिली नाही. मूल जिथे होते तिथे ते गेले आणि मुले शिकली.

आणखी एक बोलते, कारण ते मनात सलते. पावसाळ्यात माळशेज घाटाच्या रस्त्याला आठवड्याच्या मधल्या वारीही गाड्यांची रांग लागते. त्या गाड्यांत शाळकरी मुलेही असतात. कुणी त्यांची हजेरी विचारत नाही आणि विचारावी असे माझेही म्हणणे नाही. मुलांनी धबधबा पाहावा. पण त्याच रस्त्याच्या कडेच्या वाडीतले मूल पोटासाठी गाव सोडते, तेव्हा दंडाचा विषय निघतो. ज्याला निवड आहे त्याला सवलत आणि ज्याला निवड नाही त्याला शिक्षा, असा नियम आपल्या सहीने निघू नये.

म्हणून माझ्या मागण्या एकेक करून मांडते.

पहिली. स्थलांतर करणाऱ्या पालकांना दंड, रेशन अडवणे, योजनेचा लाभ थांबवणे, यांपैकी काहीही केले जाणार नाही, असे स्पष्ट परिपत्रक काढावे. खालच्या पातळीवर धमकी म्हणूनही ही भाषा वापरली जाऊ नये.

दुसरी. हंगामी वसतिगृहाची मंजुरी आणि निधी दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या हातात पडावा. आजवरचा अनुभव असा की ट्रक निघून जातो आणि मग प्रस्ताव वर सरकतो. गेलेले मूल वसतिगृह उघडल्याचे ऐकून एकटे परत येत नाही. ज्या वाडीतून मुले जातात ती वाडी, ती कुटुंबे दरवर्षी तीच असतात. हे अचानक येणारे संकट नाही. सप्टेंबरमध्ये यादी तयार होऊ शकते.

तिसरी. या वसतिगृहाचा खरा आधार म्हणजे गावात राहणाऱ्या आज्या. मुलाला आजीजवळ ठेवा, असे आपण सांगतो, पण आजीच्या घरात दोन वेळचा शिधा आहे का, हे पाहत नाही. नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीला शिधा आणि मानधन द्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन जाणाऱ्या त्या आज्यांची छायाचित्रे देशभर छापून आली. शिक्षणाची एवढी ओढ असलेल्या बायकांच्या भरवशावर आपण नातवंडांना शाळेत राखू शकतो. त्यांना फक्त हातभार हवा.

चौथी. जी मुले जाणारच, त्यांच्या हातात निघण्याआधी दुसऱ्या शाळेत प्रवेश मिळवून देणारे शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि ते चालावे. भट्टीजवळच्या शाळेने दाखला नाही, आधार नाही, ऑनलाइन नाव तिकडच्या शाळेत अडकले आहे, अशी कारणे सांगून मूल परत पाठवू नये. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. पाठवणारी आणि घेणारी शाळा यांच्या मुख्याध्यापकांनी एकमेकांशी फोनवर बोलावे आणि मूल पोचले की नाही ते दोघांनी नोंदवावे, एवढी साधी सक्ती करावी.

पाचवी. दंड करायचाच असेल तर तो भट्टीवर करावा. विटांसाठी माती उचलायला महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. त्या परवानगीच्या अर्जासोबत मजुरांच्या चौदा वर्षांखालच्या मुलांची यादी आणि ती कोणत्या शाळेत जातात याची नोंद मागावी. भट्टी शाळेपासून दूर असेल तर मुलांना नेण्या-आणण्याचा खर्च मालकाने करावा, किंवा भोंगाशाळेसाठी जागा द्यावी. जिथे मूल विटा वाहताना किंवा उलटवताना दिसेल, तिथे बालमजुरीचा कायदा मालकावर लावावा. शिक्षण, महसूल आणि कामगार ही तीन खाती एका टेबलावर बसली तरच हे होईल आणि त्यांना बसवणे आपल्या हातात आहे.

सहावी. वाडी रिकामी झाली म्हणून शाळा बंद करू नये. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचा आणि समूह शाळांचा विषय गेली काही वर्षे चालू आहे. आमच्याकडे हंगामात हजेरी घटते, मुले कायमची जात नाहीत. जूनमध्ये परतलेल्या मुलाला आपल्या पाड्यावरची शाळा उघडी दिसली पाहिजे. ओढा-नाले ओलांडून दुसऱ्या गावात जायला सांगितले, तर पावसात ते जाणार नाही आणि पुढच्या दिवाळीला त्याला थांबवायला काही कारणच उरणार नाही.

सातवी. परत आलेल्या मुलांसाठी मे-जूनमध्ये खास वर्ग घ्यावेत आणि त्या शिक्षकांना त्याचा वेगळा मोबदला द्यावा. सहा महिने बुडालेले मूल वरच्या वर्गात नुसते ढकलले, तर दोन वर्षांत ते वर्गात असून नसल्यासारखे होते आणि मग स्वतःच शाळा सोडते. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आली आहे. या मुलांचे काय, याचा विचार त्या निर्णयात कुठे आहे?

आठवी मागणी आपल्या खात्याच्या बाहेरची आहे, तरी करते, कारण बाकी सगळ्या तिच्यावर उभ्या आहेत. रोजगार हमी हा महाराष्ट्राचा शोध. १९७७ साली आपण त्याचा कायदा केला. दिवाळीनंतरच्या आठवड्यात पाड्यावर काम निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर बयाणा घेण्याची पाळी कमी घरांवर येईल. धरणांच्या तालुक्यात शेताला थोडे पाणी मिळाले, तर आणखी काही घरे थांबतील. मंत्रिमंडळात आपण मुलांच्या वतीने बसता. या दोन गोष्टी तिथे त्यांच्या वतीने मागा.

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगासमोर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९११ साली गोखल्यांनी त्याच मागणीचे विधेयक कायदेमंडळात मांडले आणि ते फेटाळले गेले. जे मिळायला इतकी वर्षे लागली, ते आता प्रत्येक मुलाच्या हक्काचे आहे. त्या सक्तीचे ओझे कातकरी मजुराच्या खांद्यावर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.

हिवाळी सत्र सुरू होण्याआधी शहापूर आणि मुरबाडच्या वाड्यांची यादी, वसतिगृहांच्या मंजुऱ्या आणि भट्ट्यांची नोंद, या तीन गोष्टी प्रसिद्ध कराव्यात, ही विनंती. तेवढे झाले तर दंडाची गरज कुणाला आहे, ते आपोआप दिसेल. झाले नाही, तर गैरहजेरीचा शेरा मुलांच्या नावापुढे लिहिताना शिक्षण खात्याने तो आधी स्वतःच्या नावापुढे लिहावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
मुरबाड, जि. ठाणे